रिकामे आवार, भरलेले दफ्तर : होबार्ट येथील कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी या स्मारकस्थळाची समीक्षा

प्रास्ताविक

टास्मानियाची राजधानी होबार्ट. तिच्या साउथ होबार्ट या भागात, वेलिंग्टन पर्वताच्या पायथ्याशी, एका ओढ्याच्या काठी उंच दगडी भिंतींची काही आवारे उभी आहेत. भिंतींच्या आत इमारत म्हणावी असे फारच थोडे शिल्लक आहे. खडी, गवत, पायाच्या रेषा आणि एका बाजूला मेट्रनचे छोटे घर, एवढेच काय ते दिसते. १८२८ ते १८५६ या काळात ब्रिटन व आयर्लंडमधून हद्दपार केलेल्या स्त्री-कैद्यांना येथे ठेवले जात असे. ऑस्ट्रेलियातील ज्या ११ कैदी-स्थळांना २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत या स्थळाचा समावेश आहे. २०२२ पासून येथे नवे इतिहास-केंद्रही सुरू झाले आहे.

ऐतिहासिक स्थळ ही एक संहिता मानली, तर तिची समीक्षा करता येते. कोणता मजकूर ठेवला, कोणता गाळला, निवेदक कोण आणि श्रोता कोण, हे सर्व प्रश्न स्मारकालाही विचारता येतात. कॅस्केड्स येथे हे प्रश्न विशेष तीव्र होतात. ज्या स्त्रियांचे हे स्मारक आहे, त्यांनी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीही उरलेले नाही. त्यांच्याविषयी लिहिले गेलेले मात्र अमाप आहे. एकीकडे रिकामे आवार आणि दुसरीकडे भरलेले दफ्तर, या दोहोंमधील अंतर स्मारक कसे भरून काढते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘फॅक्टरी’ हे नाव

प्रथम नावाविषयी. कारागृहाला ‘फॅक्टरी’ म्हणण्यात आजच्या वाचकाला उपरोध जाणवेल. त्या काळी तो नव्हता. वस्तुनिर्मितीचे ठिकाण या साध्या अर्थाने हे नाव न्यू साउथ वेल्समधील पॅरामॅटा येथे आधी रूढ झाले आणि तेथून ते व्हॅन डीमन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात आले. लोकर पिंजणे, सूत कातणे, शिवणकाम आणि मुख्य म्हणजे कपडे धुणे ही कामे येथे चालत. बाहेरच्या संस्थांचे कपडे धुलाईसाठी येथे येत. पर्वतावरून येणाऱ्या ओढ्याचे पाणी त्यासाठी सोयीचे होते. तोच ओढा भिंतींत ओल आणि दरीत गारठा आणीत असे. ही जागा मुळात कारागृहासाठी बांधलेली नव्हती. ती मद्याची भट्टी होती. सरकारने ती विकत घेतली, जॉन ली आर्चर या वास्तुविशारदाकडून तीत फेरफार करून घेतले आणि १८२८ च्या अखेरीस कैदी स्त्रिया तेथे आणल्या. पुढे गर्दी वाढत गेली तशी एकेक आवार जोडत अखेर पाच आवारे झाली. १८४५ च्या तिसऱ्या आवारात शंभराहून अधिक स्वतंत्र कोठड्या होत्या. एकांत हाच सुधारणेचा उपाय, या त्या काळच्या तुरुंगविषयक सिद्धांताला मिळालेले ते दगडी रूप होय.

हद्दपारीचा एकूण आवाकाही लक्षात घेतला पाहिजे. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले गेले. त्यांत सुमारे २५ हजार स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास व्हॅन डीमन्स लँडमध्ये उतरल्या. बहुसंख्य स्त्रियांचा गुन्हा चोरीचा होता आणि शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची वा जन्मठेपेची. येथे उतरलेल्या स्त्रीला वसाहतीतील एखाद्या कुटुंबाकडे मोलकरीण म्हणून नेमून दिले जाई. वेतन नसलेली ही नेमणूक होती. मालकाशी पटले नाही, उद्धट बोलली, परवानगीवाचून बाहेर राहिली, दारू प्याली किंवा गरोदर राहिली, की तिची रवानगी फॅक्टरीत होई. फॅक्टरी हे अशा रीतीने एकाच वेळी तुरुंग, रोजगार-विनिमयाचे ठाणे, प्रसूतिगृह आणि धुलाईखाना होते. स्मारकाला ही चारही रूपे सांगायची आहेत. सर्वांत मन लावून ते तुरुंगाचे रूप सांगते आणि धुलाईखान्याकडे त्याचे सर्वांत कमी लक्ष जाते, असे निरीक्षण येथे नोंदवावेसे वाटते.

बळी आणि बंडखोर : दोन प्रचलित कथने

या स्त्रियांविषयीच्या इतिहासलेखनात तीन वळणे दिसतात. समकालीन अधिकारी, धर्मोपदेशक आणि वृत्तपत्रे यांनी त्यांना सरसकट पतित ठरवले व हा शिक्का शंभरेक वर्षे टिकला. स्त्रीवादी मांडणीने १९७५ च्या सुमारास या शिक्क्याचीच चिकित्सा आरंभली. अ‍ॅन समर्स यांच्या त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने वसाहतीतील स्त्रीला वेश्या किंवा नीतिरक्षक या दोनच साच्यांत कसे कोंबले गेले, हे दाखवले. नंतर डेबोरा ऑक्सली यांनी १९९६ मध्ये जहाजांवरील नोंदींच्या आधारे या स्त्रिया प्रामुख्याने कामकरी, विविध कौशल्ये असलेल्या होत्या, असे प्रतिपादन केले. जॉय डामूसी (१९९७) आणि के डॅनियल्स (१९९८) यांनी या स्त्रियांच्या प्रतिकाराचा आणि लैंगिकतेच्या राजकारणाचा शोध घेतला. म्हणजे अभ्यासकांच्या हाती पतितेची बळी झाली, बळीची कामकरी झाली आणि कामकरी स्त्री प्रतिकार करणारीही दिसू लागली.

स्मारकस्थळी मात्र यांतील दोनच प्रतिमा ठळकपणे भेटतात, बळी आणि बंडखोर. त्यांना कारणेही आहेत. अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीत मार्गदर्शकाला कथा सांगायची असते, आणि कथेला एक तर अश्रू हवे असतात किंवा हशा. हशासाठी एक प्रसंग सर्वश्रुत आहे. प्रार्थनेच्या वेळी गव्हर्नर व पाद्री यांच्यासमोर शेकडो स्त्रियांनी एकदम पाठ फिरवली, वस्त्रे वर केली आणि उघड्या पार्श्वभागावर थापा मारल्या, अशी ती गोष्ट. अभ्यासकांनी या प्रसंगाच्या सत्यतेविषयी शंका घेतल्या आहेत, तरी तिची लोकप्रियता कमी झालेली नाही. ती खरी असावी असे आपल्याला वाटते, कारण ती आपल्याला हवी असते. आजच्या अभिरुचीला रुचणारे बंड त्या स्त्रियांनी दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवले, याचे समाधान ती देते.

वस्तुतः बंडाचे पुरावे अधिक गद्य स्वरूपाचे आहेत, आणि म्हणूनच ते अधिक मोलाचे आहेत. पॅरामॅटा येथे १८२७ मध्ये शिधा कापला गेला तेव्हा स्त्रिया दार मोडून गावात गेल्या व त्यांना आवरण्यासाठी सैनिक बोलवावे लागले. कॅस्केड्समध्ये ‘फ्लॅश मॉब’ या नावाने ओळखला जाणारा स्त्रियांचा एक गट होता. स्त्री-कैद्यांच्या शिस्तीची चौकशी करण्यासाठी १८४१ ते १८४३ या काळात काम करणाऱ्या सरकारी समितीपुढे या गटाविषयी साक्षी झाल्या. तंबाखू, चहा, साखर, मद्य यांचा भिंतींच्या आत चालणारा व्यापार, रात्रीची गाणी व नाच, स्त्रियांमधील परस्पर प्रेमसंबंध असे सर्व त्या साक्षींत येते. टास्मानियातीलच रॉस या गावच्या फीमेल फॅक्टरीत पुरातत्त्वज्ञ एलिनॉर कॅसेला यांनी १९९० च्या दशकात उत्खनन केले. तेथे एकांतकोठडीच्या जमिनीत तंबाखूच्या चिलमींचे तुकडे, बाटल्यांच्या काचा आणि बटणे सापडली. शिक्षेच्या सर्वांत कडेकोट जागीही ही देवघेव पोहोचत होती, असा याचा अर्थ होतो. प्रस्तुत लेखिकेच्या मते मातीत सापडलेले ते एक बटण प्रार्थनागृहातील त्या कथेपेक्षा जास्त बोलते. कोणाला खिजवण्याच्या आवेशात ते तेथे पडलेले नाही. एक स्त्री दुसरीला काहीतरी देत होती आणि त्याबदल्यात काहीतरी घेत होती, एवढेच ते सांगते.

वस्त्रांवरील खूण आणि कापलेले केस

फॅक्टरीची १८२९ ची नियमावली वाचण्यासारखी आहे. स्त्रियांचे तीन वर्ग केलेले होते. पहिल्या वर्गातील स्त्री घरकामासाठी नेमणुकीस पात्र होती. दुसरा वर्ग परीक्षाधीन स्त्रियांचा आणि तिसरा ‘गुन्हेगार वर्ग’. तिसऱ्या वर्गातील स्त्रीच्या पोशाखावर पिवळे ‘सी’ हे अक्षर तीन ठिकाणी असे : जाकिटाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागील भागावर. दुसऱ्या वर्गाला केवळ डाव्या बाहीवर एक अक्षर आणि पहिल्या वर्गाला काहीच नाही. म्हणजे कापडावरच श्रेणी लिहिलेली होती, आणि ज्यांना वाचता येत नव्हते अशा स्त्रियांवर ती लिहिलेली होती. ही भाषेची हिंसा स्मारकातील फलकांतून नीट पोहोचते व त्याचे श्रेय मांडणी करणाऱ्यांना दिले पाहिजे.

गुन्हेगार वर्गात जाणाऱ्या स्त्रीचे केस कापले जात. या शिक्षेला स्त्रिया सर्वाधिक भीत आणि तिच्याविरुद्ध सर्वाधिक संतापत, असे नोंदींवरून दिसते. मराठी वाचकाला येथे केशवपनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तथापि ही तुलना जपून करावी लागते. आपल्याकडे विधवेचे केस काढणे हे धर्मकृत्य मानले गेले आणि ते तिच्या घरच्यांनी करवून घेतले. होबार्टला ते शासनाच्या नियमाने आणि ठरावीक मुदतीसाठी होत होते. कापलेले केस पुन्हा वाढत. विधवेच्या बाबतीत वस्तरा पुन्हापुन्हा येत असे. साम्य आहे ते एवढेच की दोन्ही व्यवस्थांना स्त्रीच्या देहावर तिचा दर्जा उघड दिसायला हवा होता.

मातृत्व हाच अपराध

कॅस्केड्सच्या इतिहासाचे सर्वांत अवघड पान चौथ्या आवारात उलगडते. हे शिशुगृहाचे आवार १८५० च्या सुमारास उभे राहिले. त्याआधी मुले फॅक्टरीतच होती. एका अर्भकाच्या मृत्यूची १८३८ मध्ये चौकशी झाली, होबार्टच्या वृत्तपत्रांनी कोंदट व गर्दीच्या खोल्यांवर टीकेची झोड उठवली आणि त्यानंतर काही काळ शिशुगृह शहरातील इतर घरांत हलवले गेले. टास्मानियातील स्त्री-कैद्यांच्या शिशुगृहांत आणि तत्सम संस्थांत मिळून हजाराहून अधिक बालके दगावल्याचे अभ्यासकांनी नावानिशी नोंदवले आहे.

या आकड्यामागची यंत्रणा समजून घेणे अगत्याचे आहे, कारण केवळ ओल, थंडी आणि हगवण ही कारणे सांगून विषय संपत नाही. नेमणुकीवर असलेली मोलकरीण गरोदर राहिली की मालक तिला सरकारकडे परत करी. तिची प्रसूती फॅक्टरीत होई. ठरावीक महिन्यांनंतर मुलाचे अंगावरचे दूध तोडले जाई. मूल शिशुगृहात राही आणि आईला सहा महिन्यांसाठी गुन्हेगार वर्गात पाठवले जाई. गुन्हा कोणता? विवाहाशिवाय गरोदर राहणे. दूध लवकर तोडल्यामुळे मूल अशक्त होई, आणि आई कोठडीत असल्याने त्याच्याकडे पाहणारे कोणी नसे. जगलेले मूल दोन-तीन वर्षांचे झाले की न्यू टाउन येथील अनाथालयात जाई. तेव्हाही त्याची आई जिवंत असे, तरी ते अनाथच गणले जाई. काही स्त्रियांना स्वतःच्या मुलाबरोबर दुसरीचे मूलही पाजावे लागे. धुलाई आणि शिवणकामाप्रमाणे दूध पाजणे हेही येथे नेमून दिलेले काम होते.

या साखळीत एक कडी सतत गाळलेली आढळते. मुलाचा बाप. तो मालक असेल, मालकाचा मुलगा असेल, सोबतचा कैदी नोकर असेल. आईची उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण आणि गोंदण यांच्या नोंदी करणाऱ्या शासनाला बापाचे नाव बहुधा नको असे. स्मारकाच्या मांडणीत बाळांची नावे आहेत, मातांची नावे आहेत. बापांच्या अनुपस्थितीबद्दल मात्र ती फारसे बोलत नाही. ही अनुपस्थिती इतिहासात होती, म्हणून ती प्रदर्शनातही तशीच राहू दिली गेली. येथे फलकांचे मौन दफ्तराच्या मौनाला दुजोरा देते, आणि समीक्षकाने आक्षेप घ्यावा असे हे पहिले स्थान आहे. जे नोंदले गेले नाही त्याकडे बोट दाखवण्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही. नोंदवहीतील तो कोरा रकाना भिंतीवर लावला तरी पुरे.

भावनेची आणि श्रमाची स्मारके

स्थळाबाहेरही या स्त्रियांची स्मारके उभी राहिली आहेत. क्रिस्टिना हेन्री या टास्मानियन कलावतीने हद्दपार झालेल्या प्रत्येक स्त्रीसाठी एक पांढरी टोपी, अशा २५,५६६ टोप्यांचा उपक्रम जगभरच्या स्त्रियांकडून करवून घेतला. टोपीवर एका कैदी स्त्रीचे नाव आणि तिच्या जहाजाचे नाव. आयरिश शिल्पकार रोवन गिलेस्पी यांची तीन स्त्रिया व एका मुलाची ब्राँझची शिल्पे २०१७ मध्ये होबार्टच्या बंदरावर बसवण्यात आली आणि त्यांचे अनावरण आयर्लंडचे तत्कालीन अध्यक्ष मायकल हिगिन्स यांच्या हस्ते झाले. दोन्ही उपक्रम प्रामाणिक आहेत. शिल्पांतील स्त्रियांच्या अंगावरचे विरलेले कपडे आणि पुढे टाकलेले पाऊल मनात राहते. टोप्यांच्या उपक्रमात मात्र एक प्रकारचे सपाटीकरण आहे. खून करणारी, मेंढी चोरणारी, मालकिणीचे रेशीम लांबवणारी, चार वेळा पळून गेलेली आणि पहिल्याच वर्षी मेलेली, सगळ्यांना सारखीच शुभ्र टोपी! मरणोत्तर निष्पापपण बहाल करणे हीही एक तऱ्हेची शिक्षामाफीच, आणि तीही त्यांनी मागितलेली नाही.

याउलट त्या स्त्रियांच्या हातची एक वस्तू आजही अस्तित्वात आहे. ‘राजा’ नावाच्या जहाजातून १८४१ मध्ये १८० स्त्रिया इंग्लंडहून होबार्टला आल्या. एलिझाबेथ फ्राय यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या इंग्लंडमधील स्त्रियांच्या समितीने त्यांना प्रवासात करण्यासाठी कापडाचे तुकडे, सुया आणि दोरा दिला होता. साडेतीन महिन्यांच्या प्रवासात त्यांतील काही स्त्रियांनी २,८०० हून अधिक तुकडे जोडून एक मोठी गोधडी शिवली. ती सध्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे. गोधडीवर भरतकामाने लिहिलेला कृतज्ञतेचा मजकूर त्या समितीला उद्देशून आहे. शिवणाऱ्यांची नावे तीवर नाहीत. पण टाके आहेत, आणि ते सारखे नाहीत. काही अगदी सफाईदार, काही शिकाऊ. गोधडी कशी शिवतात हे ज्यांनी आपल्या आजीच्या मांडीशी बसून पाहिले आहे, अशा आपल्याकडील कोणत्याही स्त्रीला तेथे अनेक हात वेगवेगळे ओळखता येतील. श्रमाचा असा पुरावा कॅस्केड्सच्या आवारात दाखवणे कठीण आहे, कारण धुतलेले कपडे कोणी जपून ठेवत नाही. म्हणूनच धुलाईखान्याला प्रदर्शनात अधिक जागा द्यायला हवी, असे वाटते. किती टब, किती कपडे, पाणी कोठून, साबण कोण पुरवी, मोबदला कोणाच्या खात्यावर जमा होई, हे हिशोब मांडले तर फॅक्टरी हा शब्द आपला मूळ अर्थ पुन्हा सांगू लागेल.

दफ्तर कोणाचे बोलते?

ऑस्ट्रेलियातील कैद्यांची कागदपत्रे युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदपत्रकात २००७ पासून समाविष्ट आहेत. प्रत्येक स्त्रीच्या नावे वर्तणुकीची नोंद आहे. कोणत्या तारखेस कोणता अपराध, कोणती शिक्षा. नेमणुकीच्या घरी निमूटपणे सात वर्षे काढलेल्या स्त्रीचे पान जवळजवळ कोरे आहे. वारंवार भांडलेल्या, पळालेल्या, उलट उत्तर दिलेल्या स्त्रीचे पान भरलेले. याचा एक विपरीत परिणाम असा की ज्या स्त्रियांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, त्या सर्व अपराधी म्हणून नोंदल्या गेलेल्या आहेत. उद्धटपणा या एका शब्दामागे एखादे वाक्य होते, बहुधा चांगलेच झणझणीत. लिपिकाने वाक्य गाळले आणि वर्गीकरण ठेवले. स्मारकातील बंडखोर ही प्रतिमा मुख्यतः या वर्गीकरणातून जन्मते. गप्प राहून जगलेल्या बहुसंख्य स्त्रियांना तीत स्थान मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. पूर्वी टास्मानियातील कुटुंबे आपल्या घराण्यातील कैदी पूर्वज लपवीत. तो डाग समजला जाई. गेल्या काही दशकांत चित्र पालटले आणि आता वंशावळी शोधणारे वंशज मोठ्या अभिमानाने येथे येतात. होबार्टमधील स्त्री-कैदी संशोधन केंद्राशी निगडित स्वयंसेवकांनी हजारो नोंदींची लिप्यंतरे केली, ती बहुतांशी या आस्थेपोटी. हे काम थोर आहे. परंतु वंशजांनी जपलेला इतिहास हा स्वभावतः ज्यांना वंशज आहेत त्यांचा इतिहास असतो. चौथ्या आवारातील बालकांचा शोध घेत कोणी पणतू येणार नाही.

दुसऱ्या एका स्त्रीचे दफन

या स्थळाशी आणखी एका स्त्रीचे नाव जोडलेले आहे, आणि ती कैदी नव्हती. ब्रूनी बेटावरील नुएनोन समाजातील ट्रुगानिनी हिचा ८ मे १८७६ रोजी होबार्टला मृत्यू झाला. तिच्या लोकांना आधी फ्लिंडर्स बेटावर आणि नंतर १८४७ मध्ये ऑयस्टर कोव्ह येथे, कैद्यांसाठीही अयोग्य ठरवून सोडून दिलेल्या ठाण्यात ठेवण्यात आले होते. मृत्यूनंतर आपल्या देहाची चिरफाड होईल, ही भीती तिने बोलून दाखवली होती. तिचे दफन कॅस्केड्सच्या या जुन्या फॅक्टरीच्या आवारात करण्यात आले, कारण भिंतींच्या आत ते सुरक्षित राहील असे समजले गेले. दोन वर्षांनी ते उकरले गेले. तिचा सांगाडा टास्मानियाच्या संग्रहालयात १९०४ ते १९४७ पर्यंत प्रदर्शनात मांडलेला होता. ३० एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे शंभर वर्षांनी, आदिवासी समाजाच्या पाठपुराव्यानंतर तिचे दहन झाले आणि रक्षा तिच्या इच्छेप्रमाणे डांत्रकास्तो सामुद्रधुनीत विसर्जित करण्यात आली. तिला ‘शेवटची टास्मानियन’ म्हणण्याची प्रथा चुकीची होती. टास्मानियातील आदिवासी समाज आजही तेथे आहे आणि या प्रथेला ठाम विरोध करीत आला आहे.

हा प्रसंग कैदी-इतिहासाच्या मुख्य कथनात तळटीप म्हणून येतो. तो तळटीप राहू नये. ज्या घरांत या स्त्रिया मोलकरणी होत्या, ती घरे कोणाच्या जमिनीवर होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय स्त्री-कैद्यांची कथा पूर्ण होत नाही. साम्राज्याने त्यांना शिक्षा म्हणून पाठवले, आणि त्याच वेळी वसाहत टिकवण्यासाठी, तीत कुटुंबे वसवण्यासाठीही पाठवले. त्या एकाच वेळी दंडित होत्या आणि वसाहतीचे साधनही होत्या. बळी आणि बंडखोर या दोन्ही प्रतिमांत हे दुसरे अंग मावत नाही. तेच मान्य करण्याचे धैर्य प्रदर्शनात अजून पुरते आलेले नाही, आणि हा आपला दुसरा व अधिक गंभीर आक्षेप आहे.

काळे पाणी आणि मराठी स्मृती

होबार्टच्या दरीत मराठी अभ्यासकाने एवढे का रेंगाळावे, असे कोणी विचारील. हद्दपारी ही ब्रिटिश साम्राज्याची एकच व्यवस्था होती आणि तिची एक शाखा १८५८ पासून अंदमानात होती. ‘काळे पाणी’ म्हटले की मराठी मनापुढे सेल्युलर जेल उभे राहते. ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाने ती प्रतिमा घडवली, आणि आज तेथील ध्वनिप्रकाश कार्यक्रम तीच प्रतिमा रोज सायंकाळी पुन्हा उभी करतो. ती राजबंद्यांची, पुरुषांची प्रतिमा आहे. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. त्याआधीची चार दशके अंदमानात स्त्री-कैदीही जात होत्या. पोर्ट ब्लेअरजवळ साउथ पॉइंट येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र कारागृह होते, तेथेही त्यांच्याकडून काम करून घेतले जाई, आणि ठरावीक मुदतीनंतर पुरुष कैद्याशी विवाह करून वसाहतीत राहण्याची मुभा मिळे. त्यांपैकी पुष्कळ जणी अर्भकहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या होत्या.

त्यांतील एक पुण्याची होती. बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीराव फुले यांनी १८८४ मध्ये काशीबाई या तरुण ब्राह्मण विधवेची हकिकत लिहिली आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाचे काम करीत असे. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले, ती गरोदर राहिली, लोकलज्जेच्या भीतीने तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले आणि न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. या घटनेनंतर जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या घराजवळ बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे १८८१ मध्ये सुरत भागातील विजयालक्ष्मी या विधवेला अशाच खटल्यात फाशी सुनावली गेली. वर दाद मागितल्यावर ती शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यावर आणि अखेर पाच वर्षांवर आली. वृत्तपत्रांनी या निमित्ताने समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली, त्यांना ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. पुरुष कोठे आहे, तो सुटला कसा, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा आहे. कॅस्केड्सच्या चौथ्या आवारातील फलकांवर जो प्रश्न नाही, तो बुलढाण्याच्या या लेखिकेने मराठीत आधीच विचारून ठेवला होता.

शास्त्र्याचे नाव जोतीरावांच्या टिपणात नाही, काशीबाईचे आहे. होबार्टमध्ये ज्या प्रकारचे काम स्वयंसेवकांनी केले, तसे काम मुंबई इलाख्यातील हद्दपार स्त्रियांविषयी आपल्या महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्यायखात्याचे एकोणिसाव्या शतकातील खंड उपलब्ध आहेत. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या तीन विभागांतील दोन-दोन अध्यापकांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मिळून १८५८ नंतरच्या खंडांपासून सुरुवात करावी. प्रत्येक स्त्रीचे नाव, गाव, जात, वय, आरोप आणि शिक्षा यांचे तक्ते करावेत. आणि त्या तक्त्यात, नोंद सापडो वा न सापडो, मुलाच्या बापासाठी एक रकाना ठेवावा.